नाही म्हणण्याची सोय

अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांतून नुकतीच बाहेर पडलेली मुले पुढच्या शिक्षणाआधी मध्य अमेरिकेतल्या एखाद्या गावी सेवेसाठी जातात, भिंती रंगवतात आणि परततात. या सहलींचे कैवारी सांगतात की मुले आमूलाग्र बदलून येतात. बदल पाहुण्यांत झाला असेल, तर सेवा नेमकी कोणी कोणाची केली, हे मात्र ते सांगत नाहीत. विरोधक त्याहून आळशी. इव्हान इलिचचे १९६८चे भाषण पुढे केले की वाद मिटला, अशी त्यांची समजूत. या मंडळींना इलिचच्या शिव्या पाठ आहेत. त्याचा युक्तिवाद मात्र त्यांनी वाचलेला दिसत नाही.

इलिच स्वतः कॅथलिक पाद्री. व्हिएन्नात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोच्या स्थलांतरितांत काम केलेला. लॅटिन अमेरिकेत अमेरिकी धर्मसेवकांचे तांडे पाठवण्याची मोहीम १९६१मध्ये सुरू झाली, तेव्हा त्याने मेक्सिकोत क्वेर्नाव्हाका येथे केंद्र काढले. तिथे तो या लोकांना स्पॅनिश शिकवी आणि जमेल तितक्यांना माघारी धाडायला बघे. १९६८मध्ये मेक्सिकोत उन्हाळी सेवा करणाऱ्या विद्यार्थ्यांनीच त्याला बोलावले आणि त्याने त्यांना तोंडावर सुनावले: पाहायला या, शिकायला या, पण मदतीला येऊ नका. त्या भाषणातला खरा मुद्दा पुढचा आहे. गरिबांतच काम करायचे असेल, तर जे तुम्हाला तुमच्या भाषेत ‘चालते व्हा’ म्हणू शकतील, त्यांच्यात करा. म्हणजे आक्षेप परकेपणावर नव्हता. समोरच्याचा नकार ऐकूच न येण्यावर होता. तसे नसते, तर व्हिएन्नाच्या माणसाला क्वेर्नाव्हाकात राहण्याचा तरी काय अधिकार होता?

इथे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे तत्कालीन प्रमुख कोल्व्हनबाख यांच्या म्हणण्यातून निघणारा आक्षेप विचारात घ्यावा लागतो. बांधिलकी संकल्पनांतून येत नाही, प्रत्यक्ष संपर्कातून येते, असे त्यांनी २०००मध्ये मांडले. ते पटते, अठराव्या वर्षी पुस्तकातली गरिबी कुणाला हलवणार? पण मग या सहलींना शिक्षण म्हणावे आणि शिकवणाऱ्या गावाला मानधन द्यावे. एरवी गरिबी हे फुकटचे पाठ्यपुस्तक ठरते.

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे: गावे तर हौसेने बोलावतात, नकार देतो कोण? पाहुण्यांमागून देणगी येत असेल, तर नकार कोण देईल? १९४८मध्ये भारतात आलेले स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पाणलोट कामाची रीत आठवावी. गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी स्वीकारायची, मग पुढचे काम. अट कडक होती, पण ती न मानण्याची मुभा गावाकडे होती. म्हणूनच त्याच्या होकाराला वजन होते. प्रत्येक पोराने बाखर यांच्यासारखे परक्या देशात आयुष्य काढावे, असा याचा अर्थ नव्हे. शाळांनी देणगी आणि सहल यांची गाठ तेवढी सोडावी: पैसे बिनशर्त पाठवावेत, मुलांना बोलवायचे की नाही हे गावाला ठरवू द्यावे. त्यानंतरही जी आमंत्रणे येतील, तेवढ्याच सहलींना सेवा म्हणावे.