क्षमा, मुदत आणि वादीचा अधिकार

बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेली व्यक्ती प्रौढपणी दिवाणी दावा, म्हणजे झालेल्या हानीची भरपाई मागणारा खटला, दाखल करू पाहते, तेव्हा न्यायाबरोबरच क्षमेचाही प्रश्न उभा राहतो. फौजदारी खटला शासन चालवते आणि त्यात पीडित व्यक्ती मुख्यतः साक्षीदार असते; दिवाणी दाव्यात मात्र ती वादी असते, आणि स्वतः जाब विचारण्याच्या या अधिकारात रकमेहून अधिक सावरण्याची शक्यता असते.

कुटुंबे अशा वेळी प्रारब्धाचा, म्हणजे फळ देऊ लागलेल्या पूर्वकर्माचा, दाखला देऊन क्षमेचा आग्रह धरतात. हा कर्मसिद्धान्ताचा घोर विपर्यास आहे, कारण भोगणाऱ्याचे दुःख प्रारब्ध मानले, तरी अत्याचार करणाऱ्याचे क्रियमाण, म्हणजे स्वेच्छेने केलेले वर्तमान कर्म, त्यामुळे दोषमुक्त होत नाही. आणि दबाव आणून वदवून घेतलेली क्षमा ही क्षमा नव्हेच.

कायदाही येथे अपुरा पडतो. दावा दाखल करण्याची कालमर्यादा ठरवणाऱ्या १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अज्ञानपणाची, म्हणजे अल्पवयीन असण्याची, सवलत सज्ञान झाल्यावर फार तर तीन वर्षे टिकते, त्यामुळे बावधनसारख्या पुण्याच्या उपनगरातील कोणी चाळिशीत बोलते झाले, तर त्यांचा दिवाणी मार्ग बहुधा एकविसाव्या वर्षीच बंद झालेला असतो. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा विशेष न्यायालयाला भरपाईचा अधिकार देतो, पण त्याआधीच्या कृत्यांना तो लागू नाही. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये मुदतबाह्य दाव्यांनाही ठरावीक काळ वाट करून दिली. मुदत हा समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा, विषय असल्याने महाराष्ट्र विधिमंडळालाही राष्ट्रपतींच्या संमतीने अशी दुरुस्ती करता येईल, आणि ती व्हायलाच हवी.