दोन पक्ष्यांची मरणे

मराठीतील अरण्यविषयक लेखनाची चर्चा होते तेव्हा निवेदकाच्या हातात काय आहे, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या संदर्भात तो टाळता येत नाही. शिकारीची मनापासून ओढ असलेला हा लेखक पुढे बंदूक खाली ठेवतो आणि निव्वळ पाहण्यासाठी रानात जाऊन राहतो. ‘नागझिरा’ आणि १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेली ‘सत्तांतर’ या कृतींमागे हे स्थित्यंतर आहे. बंदूक सुटली तरी शिकाऱ्याची दृष्टी मात्र सुटत नाही. वाऱ्याची दिशा सांभाळून बसणे, चिखलातला माग वाचणे, पाणवठ्याशी तासन्‌तास निश्चल राहणे या विद्या शिकारीतूनच आलेल्या असतात. अहिंसक निरीक्षकाचे ज्ञान हिंसेच्या पूर्वसंचितावर उभे असते, ही या वाङ्मयातील मूळची अडचण होय.

भाषेला ती ठाऊक असावी. ‘मृगया’ शब्दाच्या मुळाशी शोधणे या अर्थाचा धातू आहे. त्यात मारण्याचा उच्चारही नाही. ‘पारध’ शब्दाचे मूळ मात्र हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणातील ‘पारद्धी’पर्यंत जाते, आणि तिचे संस्कृत रूप ‘पापर्द्धि’ म्हणजे पापाची वृद्धी असे दिले जाते. राजा करतो ती मृगया आणि पोटासाठी फिरणारा करतो ती पारध, ही विभागणी केवळ शब्दकोशातली नव्हे.

बंदूक टाकलेल्या लेखकाचा साहित्यिक पूर्वज कोण, असे विचारले तर वाल्मीकीचे नाव सुचते. क्रौंचवधातून काव्य जन्मले ही कथा साहित्यशास्त्राने आपली उत्पत्तिकथाच मानली आहे. मराठी लोकमानसाने या ऋषीला वाल्या कोळ्याचे पूर्वायुष्यही दिले, म्हणजे पश्चात्तापाने कवी झालेला मारेकरी तो हाच. परंतु या कथेतला निषाद एक शब्दही बोलत नाही. त्याने बाण का मारला, घरी कोण उपाशी होते, हे कुणी विचारत नाही. पश्चात्ताप करू शकणाऱ्याला काव्य मिळते आणि दुसऱ्याला शाप. शोकाचा श्लोक होताना एक माणूस गप्प केला गेला, याची दखल रसचर्चेने घेतलेली दिसत नाही.

हा निषाद बदलापूरच्या पलीकडच्या डोंगरपायथ्याशी आजही भेटतो. कातकऱ्यांचा कात पाडण्याचा धंदा गेला, रान सरकारी झाले. ससा, तितर, शेतातला उंदीर एवढीच त्यांची पारध उरली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना काढून शिकार करण्याची वाट हौशी शिकाऱ्यासाठी ठेवलेली होती. ती १९९१च्या दुरुस्तीने बंद झाली. ती बंद होणे आवश्यकच होते, याविषयी दुमत नसावे. पण हौशी शिकाऱ्याला त्यागाचे समाधान लाभले आणि त्याच्या आठवणींची पुस्तके झाली. सशासाठी फास लावणाऱ्याच्या वाट्याला केवळ गुन्हा आला. ज्याच्यापाशी सोडण्याजोगे काही असते, त्यालाच त्यागाची नीती परवडते.

आणि या पुस्तकांचा वाचक? तो विठ्ठलवाडीच्या फलाटावर उभा आहे असे समजावे. आकाश निवळले की मलंगगडाची रांग त्याला दिसते. तेवढेच त्याचे अरण्य. त्याने कधी कशावर नेम धरलेला नाही. त्याच्या वस्तीजवळून वालधुनी वाहते. अंबरनाथच्या शके ९८२च्या शिलालेखाच्या शिवालयाला स्पर्शून ती खाली येते, आणि कारखान्यांच्या रसायनांनी व शहराच्या मैल्याने काळी होऊन पुढे जाते. या नदीतले मासे कुणी मारले? बाण नाही, बार नाही, निषाद तर नाहीच. त्या शहराला पाणी पुरवणाऱ्या बारवी धरणाखाली रान आणि गावे गेली, तेव्हाही कुणाचा हात रक्ताने माखला नाही.

या वाचकाला लागू पडणारी कथा रामायणात नसून महाभारताच्या वनपर्वात आहे. झाडाखाली वेदपठण करणाऱ्या कौशिक नावाच्या ब्राह्मणाच्या अंगावर बगळीची विष्ठा पडते. तो रागाने वर पाहतो आणि ती मरून पडते. येथे शस्त्र नाही, भूक नाही. केवळ शुचितेला धक्का लागल्याचा संताप आहे. एक गृहिणी त्याला मिथिलेच्या धर्मव्याधाकडे पाठवते. मांस विकणारा हा व्याध बोलतो, आणि बरेच बोलतो. आपण स्वतः जीव मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्यांचे मांस विकतो, हे तो लपवीत नाही. नांगर चालतो तेव्हा जमिनीतले असंख्य जीव मरतात, चालणाऱ्याच्या पायाखालीही मरतात, हेही तो ब्राह्मणाला ऐकवतो. कुणीच पूर्णपणे अहिंसक नाही असे म्हणून तो हिंसेला मोकळे रान देतो, असा आक्षेप येऊ शकतो, आणि तो अगदीच निराधार नाही. मात्र व्याध स्वतःला या हिशेबातून वगळत नाही, हा भेद आक्षेप घेताना नजरेआड होऊ नये.

मराठी समीक्षेने क्रौंचाचे मरण वारंवार अभ्यासले. बगळीच्या मरणाकडे तिचे फारसे लक्ष गेलेले नाही. माडगूळकरांपासून मारुती चितमपल्लींपर्यंतचे लेखन या दुसऱ्या कथेच्या शेजारी ठेवून वाचले, तर त्यांना वाट दाखवणारा, माग ओळखून देणारा, पानापानावर येऊनही ज्याच्या स्वगताला जागा मिळत नाही असा रानातला माणूस आधी दिसू लागतो. कौशिक मिथिलेला गेला तेव्हा व्याध दुकानातच होता, आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीमुळे ब्राह्मणाला बाजूला उभे राहावे लागले होते.