युद्धाच्या आधीचा धर्म

युद्ध धर्म्य की अधर्म्य, हा प्रश्न आपल्याकडे निघाला की वाद करणारे थेट कुरुक्षेत्रावर जाऊन उभे राहतात. दोन्ही सेना समोरासमोर ठाकलेल्या, शंख वाजून गेलेले, अर्जुनाच्या हातून गांडीव गळालेले, आणि लढावे की न लढावे एवढाच विकल्प शिल्लक उरलेला. परंतु त्या घटकेला विकल्प खरोखर उरला होता काय? अठरा अक्षौहिणी सैन्य, हत्ती-घोडे आणि त्यांची दाणावैरण जेथे आणून लोटली, तेथे एका धनुर्धराने धनुष्य खाली ठेवल्याने फार तर जयापजयाचा कौल फिरला असता. युद्ध टळले नसते. ते उद्योगपर्वातच ठरून गेले होते, आणि म्हणून धर्माधर्माचा निवाडा करावयाचा तर तो त्या पर्वात करावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

मांद्र्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात राहणाऱ्याला असे वाटण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. उत्तरेस हरमल आणि केरी मागे टाकून गेले की नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो. वाडीकर खेम सावंतांनी तो सतराव्या शतकात बांधला; १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैद याने तो घेतला, आणि त्याच साली याच पेडणे महालातील हळर्णचा कोट जिंकल्याबद्दल नंतर त्या कोटाच्या नावाची सरदारकीही पदरात पाडून घेतली. पेडणे महाल कायमचा गेला तो मात्र पुढे १७८८ साली, तहाच्या कलमाने. याच समुद्रावरून फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराजांची ८५ गलबते आणि तीन मोठी जहाजे बसरूरवर चालून गेली, व परतताना महाराजांनी गोकर्णाला स्नान केले. बखरी आणि पोवाडे अशा दिवसांवर रमतात. मला कुतूहल आहे ते त्या ८५ गलबतांच्या फळ्यांचे, काथ्याचे, डोलकाठ्यांचे आणि खलाशांच्या तांदळाचे. कारण हे सारे कोणाच्या तरी रानातून, माडांतून आणि शेतातून आलेले असले पाहिजे.

महाराजांचे जे एक पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो, ते प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीसमोर भर समुद्रात पद्मदुर्ग उभा राहत होता, दौलतखान आणि दर्यासारंग आरमार घेऊन त्याच्या रक्षणासाठी निघावयाचे होते, आणि त्यांच्या बेगमीसाठी दिलेल्या पैशाच्या व गल्ल्याच्या वराता, म्हणजे देण्याच्या हुकूमचिठ्ठ्या, जिवाजीपंतांनी अडवून ठेवल्या होत्या. पत्रातला संताप उघडा आहे. कामात अशी दिरंगाई करणारा शत्रूचाच चाकर मानावा लागेल, आणि जातीने ब्राह्मण म्हणून त्याचा मुलाहिजा राखला जाणार नाही, असा त्याचा आशय. धर्मशास्त्राने ज्याला मान दिला, त्याला या राजाने दफ्तराच्या कसोटीवर उभे केले. ही कठोरता मला आरमाराच्या कोणत्याही विजयाहून धर्माच्या अधिक जवळची वाटते; कारण एका कारकुनाने दाबून ठेवलेल्या कागदामुळे समुद्रात अडकून मरणारी माणसे शत्रूच्या गोळ्याने मेलेल्यांइतकीच मेलेली असतात.

उद्योगपर्वात, संजय पांडवांकडून परतल्यानंतरच्या रात्री, झोप उडालेल्या धृतराष्ट्राला सनत्सुजात जो उपदेश करतात, त्याचा गाभाही हाच आहे: मृत्यू म्हणून वेगळे कोणी नाही, प्रमाद हाच मृत्यू. दोन्हीकडे सैन्ये गोळा होत असताना व्यासांनी हे ब्रह्मज्ञान नेमके येथेच का घातले, याचे टीकाकारांना कोडे पडो. ज्याने कधी युद्धाची तरतूद पाहिली असेल त्याला ते पडू नये.

तथापि सावधपणा म्हणजे केवळ वरात वेळेवर पटवणे असे म्हटले, तर विषय फार सोपा होईल. रामचंद्रपंत अमात्यांनी कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १७१५-१६ च्या सुमारास, जे आज्ञापत्र सिद्ध केले, त्यातील आरमाराचे प्रकरण येथे उपयोगी पडते. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग ठरवून पंत त्याची मोईन बांधून देतात: पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा, आणि त्याचा खर्च नेमून दिलेल्या मुलुखाच्या उत्पन्नातून, बंदरांच्या उत्पन्नावर टाकून नव्हे, कारण बंदरावर बोजा पडला की सावकार बुडतो, आणि सावकार बुडाला की बंदर ओस पडते. वाडीकर आणि कोल्हापूरकर यांच्या दर्यावर्दींनी पुढे व्यापाऱ्यांच्या तारवांवर जी उपजीविका चालवली आणि जिच्या निमित्ताने इंग्रजांनी १८१२ साली मालवण व वेंगुर्ले घेतले, तिचे मूळ मला पंतांच्या या एका कलमाच्या विस्मरणात दिसते. इतिहासकारांना दुसरी कारणेही दिसतील. ती खोटी आहेत असे मी म्हणत नाही.

मग लाकडाचा विषय येतो. तख्ते, सोट आणि डोलकाठ्या यांसाठी थोर लाकूड हवे. सरकारी रानातले सागवान परवानगीने तोडावे, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस हीही आरमाराच्या उपयोगाची झाडे आहेत, परंतु त्यांना हात लावू नये, असे पंत बजावतात. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने पोटच्या लेकराप्रमाणे ती दीर्घकाळ जपलेली असतात, आणि ती तोडल्यावर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. बलात्कार सर्वथा करू नये. पेडण्यात फणसाच्या झाडावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला पंतांच्या या कलमात अतिशयोक्ती वाटणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप असा की ही करुणा नसून हिशेब आहे. रयत दुखावली की वसूल घटतो, एवढेच चतुर मुत्सद्द्याला सांगावयाचे आहे. पंतांनी कारण दिले आहे ते मात्र वेगळे. एकाला दुःख देऊन केलेले कार्य कर्त्यासह थोड्याच काळात लयाला जाते, आणि प्रजापीडनाचा दोष राजाला लागतो, असे ते म्हणतात. म्हणजे पाप आणि तोटा या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या वह्या नाहीतच. आपण त्या अलीकडे वेगळ्या केल्या आणि पापाची वही देवळात ठेवून दिली.

युरोपात १९१४ साली काय घडले ते या दृष्टीने पाहावे. ब्रिटिश आरमाराच्या नेहमीच्या उन्हाळी कवायतींऐवजी, खर्चात काटकसर व्हावी म्हणून, त्या वर्षी राखीव खलाशांना बोलावून जमवाजमवीची नुसती चाचणी घ्यावी असे आधीच ठरले होते. जुलैच्या मध्यास स्पिटहेडला जहाजांच्या रांगा लागल्या, राजाने पाहणी केली. २६ जुलैला, सर्बियाचे उत्तर ऑस्ट्रियाने नाकारल्याची वार्ता येताच, प्रिन्स लुई ऑफ बॅटेनबर्ग यांनी आरमार पांगू देऊ नये असा हुकूम काढला, आणि आरमारमंत्री चर्चिल यांनी तो उचलून धरला. २९ तारखेच्या रात्री दिवे मालवून मुख्य आरमार डोव्हरच्या सामुद्रधुनीतून उत्तरेकडे निघून गेले. ४ ऑगस्टला युद्ध पुकारले गेले तेव्हा तेथे एकही वरात अडली नव्हती. जिवाजी विनायक त्या दफ्तरात कोणी नव्हता. सनत्सुजातांच्या कसोटीवर याला प्रमाद म्हणता येईल काय? खात्याच्या परीने पाहिले तर नाही. पण १९०६ साली ‘ड्रेडनॉट’ पाण्यात उतरल्यापासून इंग्लंड आणि जर्मनी यांनी एकमेकांच्या जहाजांची मोजदाद करून आपली जहाजे वाढवली, मध्यंतरी चर्चिल यांनी एक वर्ष जहाजे बांधणे उभयतांनी थांबवावे अशी सूचना केली ती बर्लिनला रुचली नाही, आणि या साऱ्या काटेकोर हिशेबात फणसाच्या धन्यासाठी रकाना कोणीच आखला नव्हता. एक खाते पूर्ण सावध आणि सारे राष्ट्रमंडळ बेसावध, अशी स्थिती संभवते, हे त्या उन्हाळ्याने दाखवले.

तरी आपल्या पूर्वजांना यात फार उजळ करून दाखवण्याचे कारण नाही. धर्मराजाचीच गोष्ट घ्या. शल्य पांडवांना मिळण्यास निघाला असता दुर्योधनाने वाटेवर जागोजाग मंडप घालून त्याचा सत्कार केला. हे आतिथ्य युधिष्ठिराचे असावे अशा समजुतीने शल्य प्रसन्न झाला आणि वचनात सापडला. पुढे तो भाच्यांच्या भेटीस आला तेव्हा युधिष्ठिराने त्याला दोष दिला नाही. उलट, कर्णाचे सारथ्य करताना त्याचे तेज हरण करावे, असे काम त्याच्याकडे मागितले, आणि ते करू नये असे आहे हेही त्याच श्वासात सांगितले. ज्याला आपण धर्म म्हणून ओळखतो त्याची ही तरतूद, तीही कृष्णाच्या शिष्टाईपूर्वी केलेली! व्यासांनी ती झाकली नाही.

तेरेखोलच्या त्याच किल्ल्यात १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेद आफोंसो यांच्यासह सत्याग्रही शिरले आणि त्यांनी तिरंगा लावला. शस्त्र बरोबर न घेणे हीच त्यांची पूर्वतयारी होती, आणि ती करण्यास गुराब बांधण्याहून कमी श्रम पडले असतील असे मला वाटत नाही. ते पकडले गेले. सात वर्षांनी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय आरमाराच्या ‘बेतवा’ आणि ‘बिआस’ या जहाजांनी मुरगावच्या बंदरात ‘अफोंसो द आल्बुकेर्क’ या पोर्तुगीज जहाजावर तोफा डागल्या, आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. त्या मुक्तीचा आनंद मला पूर्ण आहे. पण सत्याग्रहींची तयारी वाया गेली आणि तोफांचीच फळाला आली, असा सरळ ताळेबंद जे मांडतात, त्यांना मी आज्ञापत्रातले लाकडाचे कलम एकदा वाचावयास सांगतो.