संस्थेचा अध्यक्ष

'संस्था' म्हटले की आम्हां बँकवाल्यांना अध्यक्ष, थकबाकी आणि चहा आठवतो. तेव्हा पचनसंस्था, श्वसनसंस्था वगैरे धडे चिरंजीवांना मीच शिकवायला घेतले.

"मूत्रपिंडं म्हणजे ऑडिटर. रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. दीडेक लिटर नामंजूर, बाकी परत जमा!"

आमच्या पिंपरीत १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हापासून इथे पाळ्यांचे कौतुक नाही. पण तिन्ही पाळ्या एकट्याने करणारा कामगार छातीतच. दिवसाला लाखभर ठोके, ओव्हरटाइम शून्य.

"त्याला हुकूम मेंदू देतो?"

"छे! ठोका त्याचा तोच पाडतो. मेंदू फक्त वेग कमीजास्त करतो."

"मग अध्यक्ष कोण?"

"मी!" मी छाती फुगवून म्हणालो.

इतक्यात बेल वाजली. वर्गणीवाले! "सांग, बाबा घरी नाहीत."

सांगून आला. छातीवर हात. "बाबा, धडधडतंय. खोटं कोण बोललं? मी की तुम्ही?"

मी हिशेब मांडला. जीभ त्याची, श्वास त्याचा, मज्जातंतू त्याचे, धडधडही त्याचीच. खोटे तेवढे माझे; आणि ते कुठल्याच संस्थेच्या खात्यावर टाकता येईना.

चपला अडकवल्या आणि जिन्यातच वर्गणीवाल्यांना गाठले. अध्यक्ष म्हणवून घ्यायचे, तर सही स्वतःच करावी लागते.