जू मानेवर असतानाच विसावा

आजचे वाचन : मत्तय ११:२८-३०, निर्गम ३४:२१, १ राजे १९:१-२१



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत. राळेगाव, घाटंजी, आर्णी, पांढरकवडा, कुठल्याही रस्त्याने जा, सकाळी सकाळी कमरेला ओटी बांधून निघालेल्या बाया दिसतात. मजुरी किलोवर असते. जितका कापूस काट्यावर चढेल तितकेच पैसे. म्हणून हात थांबत नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना लागतात, पाठ वाकून वाकून भरून येते, आणि संध्याकाळी घरी आल्यावर चूल आहेच.

मागच्या आठवड्यात एका घरगुती प्रार्थनेनंतर मी सहज विसाव्याविषयी बोलत होतो. एक ताई ऐकून घेत होत्या, मग म्हणाल्या, "दादा, इसावा तं आता वरतंच भेटन." त्या हसल्या, बाकीचेही हसले. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. आपल्यापैकी पुष्कळ विश्वासणारे असेच जगतात. तारण मिळालं आहे, स्वर्गाची आशा आहे, पण आज, या सोमवारी, या मंगळवारी प्रभूजवळ आपल्यासाठी विसावा आहे, यावर मात्र भरवसा नाही. प्रभूने विसाव्याचं वचन फक्त मरणानंतरसाठी दिलं आहे का? वचन काय म्हणतं ते आज पाहू.

मत्तयाच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू येशू कष्ट करून थकलेल्यांना आणि ओझ्याखाली दबलेल्यांना आपल्याकडे बोलावतो. विसावा देण्याचं वचन देतो. आणि लगेच पुढे काय सांगतो? जू घ्या म्हणतो! थकलेल्या बैलाचं जू आपण उतरवतो. प्रभू मात्र थकलेल्या माणसाला आपलं जू मानेवर घ्यायला सांगतो. हे आधी विचित्र वाटतं. पण ज्याने बैलजोडी हाकली आहे त्याला यातलं मर्म लवकर समजेल.

खांदेसूज म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारा. बैलाचा खांदा नुसत्या ओझ्याने सुजत नाही. जू ओबडधोबड असलं, जोडीतला एक बैल उंच आणि एक ठेंगणा असला, पावसात भिजलेल्या मानेवर जू घासत राहिलं, म्हणजे खांदा येतो. तेच ओझं, तेच शेत, पण जू नीट बसणारं असेल तर बैल दिवसभर चालतो. प्रभू आपल्या जुवाबद्दल जो शब्द वापरतो तो मूळ ग्रीकमध्ये 'ख्रेस्तॉस' आहे. त्याचा अर्थ भला, मायाळू, सोयीचा. म्हणजे हे जू माया करणाऱ्याने दिलेलं आहे, आणि ते खांदा सोलून काढत नाही. प्रभू स्वतः सुतार होता, हे मार्क ६:३ मध्ये आपण वाचतो. दुसऱ्या शतकातला जस्टिन मार्टर तर लिहून गेला आहे की येशू नांगर आणि जू तयार करत असे. कुठलं जू कुठल्या मानेला लागतं हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

मग त्या लोकांच्या मानेवर कुठलं जू होतं? मत्तय २३:४ मध्ये प्रभू सांगतो की धर्माचे पुढारी जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर देत होते आणि स्वतः बोटही लावत नव्हते. देवाला खूश ठेवण्यासाठी किती नियम, किती भीती! आणि लगेच पुढच्या अध्यायात, मत्तय १२ मध्ये, भुकेल्या शिष्यांनी शब्बाथ दिवशी कणसं मोडून खाल्ली म्हणून वाद झालेला दिसतो. विसाव्याचा दिवससुद्धा ओझं होऊन बसला होता.

आपल्या मानेवर कुठलं जू आहे, ते आपण तपासू या. कापसाचं, संसाराचं, नोकरीचं काम आहेच. पण त्यावर आपण अजून काय काय चढवतो? लोक काय म्हणतील. भावाचं घर स्लॅबचं झालं, माझं अजून टिनाचं. मुलीच्या लग्नात कमी पडलो तर. देवाने पीक दिलं नाही म्हणजे माझ्या भक्तीतच काही कमी असेल. आणि मंडळीत सेवा करणाऱ्यांचं वेगळंच जू असतं : मी नसलो तर सगळं थांबेल. हे जू प्रभूने दिलेलं नाही. शेतातल्या कामाने पाठ दुखते, रात्री झोपल्यावर सकाळी जरा बरी होते. पण या दुसऱ्या जुवाने झोपसुद्धा लागत नाही.

इथे मला खरं तेच सांगितलं पाहिजे. प्रभूकडे आलं की सोसायटीचं कर्ज माफ होतं, असं वचनात कुठेही नाही. बोंडअळी ख्रिस्ती माणसाचं शेत सोडून जात नाही. 'ओझं हलकं आहे' असं प्रभू म्हणतो, 'ओझं नाही' असं म्हणत नाही. मग हलकं कसं? मत्तय ६:३४ मध्ये तो उद्याची चिंता उद्यावर ठेवायला शिकवतो. आजचं ओझं आजच्या कृपेने उचलता येतं. पुढच्या हंगामाचं, मुलांच्या आयुष्याचं, लोकांच्या मताचं ओझं उचलण्यासाठी देवाने आपल्याला खांदाच दिलेला नाही. ते त्याचं काम आहे. बी पेरणं माझ्याकडे आहे, पाऊस माझ्याकडे नाही. ही वाटणी मान्य केली की मन पुष्कळ हलकं होतं. आणि ही वाटणी एकदम जमत नाही, म्हणून तर प्रभू म्हणतो की माझ्यापासून शिका. तो शिकवताना झिडकारत नाही. तो सौम्य आहे.

आता निर्गम ३४:२१ पाहा. सातव्या दिवशी विसावा घ्यावा ही आज्ञा आपल्याला पाठ आहे. पण या वचनात देव आणखी एक गोष्ट घालतो : नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही. देवाला हंगाम समजत नव्हता असं नाही. काम नसताना तर कोणीही बसतो. कापूस फुटलेला असताना, आभाळ भरून आलेलं असताना एक दिवस हात थांबवणं म्हणजे, 'प्रभू, हे घर माझ्या हातांवर चालत नाही, तुझ्या हातावर चालतं' अशी साक्ष देणं आहे. म्हणून हा विसावा विश्वासाचं काम आहे.

आणि हा विसावा कोणाकोणासाठी आहे? अनुवाद ५:१४ मध्ये यादीच दिली आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका. पुढच्याच वचनात कारणही आहे : तुम्ही मिसर देशात दास होता, हे विसरू नका. ज्यांनी कधी सुट्टी पाहिली नाही अशा लोकांना देवाने सुट्टी दिली, आणि ती खालपर्यंत पोचवायला सांगितली.

आपल्याकडे बैलाचा मान शेतकरी जाणतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे तूपहळदीने चोळून शेकतात, उद्याच्या जेवणाचं आवतण देतात, आणि पोळ्याला त्याला कोणी जुंपत नाही. मुक्या जनावराचा थकलेला खांदा आपल्याला दिसतो. आता मी बंधूंना विचारतो, घरातल्या बाईचा खांदा आपल्याला दिसतो का? रविवारी ती सगळ्यांच्या आधी उठते, पाणी भरते, पोरांना तयार करते, उपासनेला येऊन मागच्या चटईवर बसते, आणि आशीर्वचन संपताच घाईने निघते, कारण स्वयंपाक राहिला आहे. तिचा विसाव्याचा दिवस कुठला? विसावा "वरतंच" मिळेल असं एखाद्या ताईला वाटत असेल, तर त्यात आपल्या घराचाही हात आहे. रविवारी एक वेळचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनी केला तर सुवार्ता कमी होणार नाही, उलट घरात दिसेल.

तसंच ज्यांच्याकडे शेती आहे, मजूर लागतात, त्यांनाही हे वचन सांगतं. तुमच्याकडे वेचायला येणारी बाई एक दिवस आली नाही तर तिची जागा जाईल, अशी भीती तिला वाटू देऊ नका. आणि जिला रविवारी काम केल्याशिवाय चूल पेटत नाही, जी सिस्टर दवाखान्यात ड्युटीवर आहे, जो एसटीवर आहे, त्यांना कोणी दोषी ठरवू नये. शब्बाथ माणसासाठी झाला, असं प्रभूने मार्क २:२७ मध्ये सांगितलं आहे. तुमचा विसावा बुधवारी दुपारी असेल, रात्रपाळीनंतरचे दोन तास असतील. तो वेळ प्रभूच्या नावाने थांबा. तो तिथेही भेटतो.

आता एलीयाकडे येऊ. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळाला होता. पण ईजबेलची धमकी आली आणि हा देवाचा माणूस पळाला. बैर-शेबा येथे सोबतच्या चाकराला ठेवलं, एकटाच रानात गेला, झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला काय केलं? रागावला नाही. लगेच उपदेशही केला नाही. त्याला झोपू दिलं. दूताने हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. तो जेवला, परत झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं, आणि प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे हे मान्य केलं. होरेबावरची मंद वाणी त्यानंतरची आहे. भाकर आणि झोप आधी आली.

आपल्या जिल्ह्याला हे वचन फार जवळचं आहे. किती घरांतला कर्ता माणूस 'आता पुरे झालं' म्हणून निघून गेला, हे सगळ्या देशाने वाचलं आहे. आपण तर ती घरं ओळखतो. म्हणून सांगतो, तुमच्या ओळखीचा कोणी गप्प गप्प राहू लागला, जेवेना, झोपेना, एकटा बसू लागला, तर त्याला आधी वचन ऐकवून त्याचा विश्वास मोजू नका. त्याच्याजवळ बसा. त्याच्यासोबत जेवा. त्याला एकटं सोडू नका. डॉक्टरकडे न्यायची गरज असेल तर सोबत जा, बँकेत जायचं असेल तर सोबत जा. आणि हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात आज एलीयासारखी गोष्ट येत असेल, तर माझ्या भावा, माझ्या बहिणी, आजच कोणाला तरी सांग. एलीयाने ती गोष्ट देवालाच सांगितली, आणि देवाने त्याला टाकलं नाही.

मग प्रेरणा कुठून आली? एलीया म्हणत होता, मी एकटाच उरलो आहे. देवाने सांगितलं, सात हजार आहेत.  मला इथे आपल्याच गावची गोष्ट आठवते. १९५३ साली यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, आणि १९८३ मध्ये ती पुण्याला जाईपर्यंत ३० वर्षं देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं-मुली इथे येऊन वचन शिकली आणि आपापल्या मुलखात गेली. इथल्याच उन्हात राहिली, इथलंच पाणी प्यायली. आज कुठल्या डोंगरात, कुठल्या खेड्यात त्यांनी पेरलेलं उगवत असेल, ते तुम्हाआम्हाला ठाऊक नाही. देवाला ठाऊक आहे. आपल्या छोट्या मंडळीत १५ माणसं आली म्हणून खचू नका. देवाची मोजणी वेगळी असते.

आणि एलीयाला पुढचा सोबती कुठे भेटला? मंदिरात नाही, डोंगरावरही नाही. अलीशा शेतात नांगरत होता. बारा जोड्या चालल्या होत्या आणि बारावी त्याच्या हातात होती. मातीने भरलेल्या पायांनी तो कामात होता, तिथेच देवाचं बोलावणं आलं. आपली प्रेरणाही अशीच येते. मोठ्या सभेची वाट पाहू नका. ओळीत वेचताना, भाकरी थापताना, मोटार चालू करून बांधावर बसलेलं असताना देव बोलतो.

या आठवड्यात एवढं करू या. रोज रात्री झोपण्याआधी उद्याच्या एका चिंतेचं नाव घेऊन ती प्रभूला द्या, आणि मग झोपा. घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला अर्धा दिवस तरी मोकळा करून द्या. आणि एका एकट्या माणसाच्या घरी जा, जाताना डबा घेऊन जा.

प्रार्थना : हे देवबापा, आम्ही थकलो आहोत हे तुला ठाऊक आहे. जे जू तू दिलं नाहीस ते आमच्या मानेवरून काढ. तुझं जू घ्यायला आम्हाला शिकव. या हंगामात जे हात वेचत आहेत त्यांना बळ दे, जे मन खचलं आहे त्याच्याजवळ आज भाकर घेऊन कोणाला तरी पाठव, आणि ते आम्हीच असलो तर आमचे पाय अडू देऊ नकोस. आमच्या घरात तुझा विसावा येऊ दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.