पाठीवरचा हात

सकाळी पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागात, गिऱ्हाईक पोत्यात परखी खुपसतं, हातावर आलेले दाणे चोळून बघतं आणि मग भावाचं बोलतं. परखी जिथं शिरली तिथलाच माल दाखवते, हे घेणाऱ्या-विकणाऱ्या दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून ती एकदाच मारून कुणी थांबत नाही.

तीच पोती वाहणाऱ्या हमालाच्या पाठीत उसण भरली की त्याच्याही पाठीवर कुणाचा तरी हात फिरतो. मणक्यांवर हातानं उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरची सगळी भिस्त या हातावर. माणूस पालथा झोपवायचा. मानेच्या बुडाशी टोक वर आलेलं लागतं तो बहुधा मानेचा सातवा मणका. कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांवरून अंगठे मध्ये आणले की साधारण कमरेचा चौथा. या खुणांवरून मणके मोजत, दोन्ही बाजूंचे स्नायू दाबत जायचं. कुठं गाठ लागते, कुठं कढत लागतं, कुठं माणूस अंग चोरतो? मग त्याला बसवून एका हातानं खांदा वळवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांखाली एकेक सांधा हलतो की अडतो, हे चाचपायचं.

बघायला हे मोठं कसबी वाटतं, आणि आहेही. पण एकच पाठ दोघांनी तपासली तर नेमका कुठला सांधा अडलाय यावर त्यांचं फारसं जुळत नाही, असंच अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. दाबल्यावर कुठं दुखतं, यावर मात्र बरंच जास्त जुळतं. साहजिकच आहे, तिथं बोटांना साक्ष द्यायला रुग्ण स्वतः असतो. 1895 साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी ही कायरोप्रॅक्टिक पद्धत सुरू केली, तेव्हा बहुतेक आजारांचं मूळ सरकलेल्या मणक्यात आहे असा त्यांचा दावा होता. तो टिकला नाही. तरी पाठीवर एकदा बोट फिरवून ‘मणका सरकलाय’ म्हणणारे आजही भेटतात.

आपल्या वैद्यकात दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. घाईत गळतो तो प्रश्न. काय उचलता, किती उचलता? हमाल पंचायत ही संघटना उभी करणारे बाबा आढाव स्वतः डॉक्टर होते, नाना पेठेत दवाखाना चालवत. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेण्याच्या काळापासून ते 50 किलोंचं करा, ही हमालांची मागणी होती. कितीही तरबेज अंगठा असला तरी पोत्याचं वजन त्याला पाठीत सापडत नाही. ते विचारावंच लागतं.

आणखीही काही विचारायचं असतं. पायात बधिरपणा किंवा ताकद कमी झाल्यासारखं, लघवीवरचा ताबा सुटलाय, ताप आहे, पडल्यावर दुखणं सुरू झालंय? यातलं काहीही असेल तर पाठ मोडून घ्यायला कुणाच्या टेबलावर पालथं पडायचं नाही. आधी ससून रुग्णालय गाठायचं.