कर्म दुसऱ्याचे, फलाशा आपली

मनुष्याच्या चित्ताची परीक्षा मोठ्या प्रसंगीच होते असे नाही. पुष्कळदा ती एखादी वार्ता कानी पडल्यानंतरच्या पहिल्या क्षणातच होऊन जाते. दुसऱ्यावर संकट आल्याचे ऐकताच अंतःकरणात प्रथम काय उमटते? त्याच्याविषयीचा कळवळा, की आपल्या लाभहानीचा हिशेब? मागाहून बोलून दाखविलेली सहानुभूती केवळ शिष्टाचाराची असू शकते. त्या पहिल्या क्षणावर मात्र पांघरूण घालता येत नाही. आजच्या खेळाच्या जगात ही परीक्षा घरोघरी होत असते, म्हणून गृहस्थाश्रमी मनुष्याने तिचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

दिनांक 1 मे 2023 रोजी लखनौच्या एकाना मैदानावर लखनौ सुपर जायंट्स आणि रॉयल चॅलेंजर्स बंगलोर या संघांचा सामना चालू होता. डावाचे दुसरेच षटक होते. सीमेकडे निघालेल्या चेंडूमागे धावत असता लखनौचा कर्णधार के. एल. राहुल याच्या उजव्या मांडीस दुखापत झाली आणि तो सीमारेषेजवळ कोसळला. दुसऱ्यांच्या आधाराने त्यास मैदानाबाहेर जावे लागले. पुढे लखनौपुढील लक्ष्य अवघे 127 धावांचे होते. परंतु गडी एकामागून एक बाद होत गेले, आणि नववा गडी पडल्यावर तोच राहुल अकराव्या क्रमांकावर फलंदाजीस उतरला. धाव घेण्याची शक्ती पायांत उरली नव्हती. त्याने तीन चेंडू खेळले, धाव एकही झाली नाही. संघ 108 धावांत आटोपला आणि 18 धावांनी हरला. धावपुस्तकात राहुलच्या नावापुढे नोंद झाली ती नाबाद शून्याची.

आता या शून्याकडे दोन प्रकारे पाहता येते. एक दृष्टी म्हणते, पराभव समोर दिसत असता आणि देह साथ देत नसता जो आपल्या स्थानी जाऊन उभा राहिला, त्याने आपले कर्तव्य पार पाडले. दुसरी दृष्टी म्हणते, शून्य म्हणजे शून्य. या दुसऱ्या दृष्टीला अलीकडच्या काळात एक पद्धतशीर खेळच लाभला होता. मोबाईलवर प्रत्यक्ष सामन्यातील अकरा खेळाडू निवडून मनुष्य आपला काल्पनिक संघ बनवी. त्यांतील एकास कर्णधार नेमले की त्याचे गुण दुप्पट होत. प्रवेशासाठी रक्कम भरावी, आणि त्या खेळाडूंच्या धावा, बळी व झेल यांवरून गुण मोजून बक्षिसे वाटली जावीत, अशी ती रचना होती. अशा संघात ज्याने त्या दिवशी राहुलला कर्णधार नेमले असेल, त्याच्या मनात तो कोसळताच काय उमटले असेल, हे ज्याचे त्यानेच तपासावे. ‘अरेरे, बिचारा!’ हे उद्गार आधी निघाले की ‘माझे पैसे गेले!’ हे, एवढाच प्रश्न आहे.

लखनौ नगरीला हा प्रश्न अगदीच नवा नाही. नवाबी काळात तेथे कोंबड्यांच्या आणि बटेर पक्ष्यांच्या झुंजी लावण्याचा शौक फार बोकाळला होता. पक्षी रक्तबंबाळ होत आणि भोवती बसलेल्यांचे पैजेचे आकडे वाढत जात. जखम पक्ष्याची, थरार पाहणाऱ्याचा. त्याहूनही प्राचीन दाखला कुरुसभेचा आहे. धर्मराजाने द्यूतात राज्य गमावले, नंतर भाऊ पणास लावले, स्वतःस लावले, आणि शेवटी द्रौपदीस लावले. त्या वेळी द्रौपदीने सभेला जो प्रश्न विचारला, त्याचे मर्म आजही तेच आहे: दुसऱ्याचा देह पणास लावण्याचा अधिकार कोणास, आणि तो आला कोठून? भीष्मांसारख्या धर्मज्ञालाही त्यावर निःसंदिग्ध उत्तर देता आले नाही.

यावर कोणी म्हणेल की हा दाखला येथे लागू पडत नाही. खेळाडू कोणाचा दास नाही, आणि संघ निवडण्यास अभ्यास लागतो. हा आक्षेप पोकळ नाही. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने 2017 मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये या प्रकारास कौशल्याचा खेळ मानले होते. परंतु कायद्याचा प्रश्न वेगळा आणि चित्तशुद्धीचा वेगळा. शकुनीही फाशांत निपुण होता; त्याच्या नैपुण्याने ते द्यूत निर्दोष ठरले नाही. दुसरा आक्षेप असा की खेळाडू स्वतःच कोट्यवधी रुपये घेतो, मग पाहणाऱ्यानेच निरिच्छ का राहावे? याचे उत्तर सोपे आहे. खेळाडू वेतन घेतो, पण त्यासाठी घाम त्याचा गळतो आणि हाडही त्याचेच मोडते. श्रमाचे मोल घेणे हा गृहस्थाचा धर्मच आहे. ज्याने श्रमही केला नाही आणि वेदनाही सोसली नाही, त्याने त्या देहावर आपली आशा टांगावी, यात मात्र विकार आहे.

गीतेने मनुष्यास कर्माचा अधिकार दिला आणि फळावरची सत्ता त्याच्या हाती ठेवली नाही. स्वतःच्या कर्माच्या फळाविषयीदेखील आसक्ती नको, असे जेथे सांगितले आहे, तेथे दुसऱ्याच्या कर्माच्या फळावर डोळा ठेवून बसणाऱ्याची अवस्था काय म्हणावी? त्याच्या हाती कर्म नाही, फळही नाही. उरते केवळ तळमळ. म्हणूनच तो खेळाडूचे भविष्य वर्तविण्यात गुंततो. हा परत येईल का, पूर्वीसारखा खेळेल का, याच्यावर विसंबावे का? जखमी मनुष्याची विचारपूस करण्याऐवजी त्याचा भाव काढला जातो.

आणि हे भविष्यही किती अस्थिर! त्या दुखापतीमुळे राहुलवर शस्त्रक्रिया झाली, आणि जून 2023 मधील कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना त्यास मुकावा लागला. सप्टेंबरमध्ये कोलंबो येथे पाकिस्तानविरुद्ध त्याने नाबाद 111 धावा केल्या. 29 ऑक्टोबर रोजी विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध त्याच एकाना मैदानावर तो उतरला, 39 धावा केल्या आणि यष्टिरक्षणही केले. ऋषभ पंत याची कथा याहून दारुण आहे. 30 डिसेंबर 2022 रोजी रुरकीजवळ त्याची मोटार दुभाजकावर आदळून पेटली. गुडघ्याचे स्नायुबंध तुटले. मार्च 2024 मध्ये तो पुन्हा मैदानावर दिसला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या लिलावात लखनौच्या संघाने त्यास 27 कोटी रुपयांस घेतले. तोवर त्या स्पर्धेत कोणा खेळाडूस एवढी रक्कम मिळाली नव्हती. परंतु 2025 चा जवळजवळ सारा हंगाम त्यास धावा दुरापास्त झाल्या. अखेरच्या सामन्यात, 27 मे रोजी एकाना मैदानावर, त्याने 61 चेंडूंत नाबाद 118 धावा केल्या. संघाच्या 227 धावा झाल्या. तरीही अमरावतीच्या जितेश शर्माने नाबाद 85 धावा करून विजय बंगळुरूच्या पदरात टाकला. उत्तम कर्म घडूनही फळ हाती आले नाही. पुढे जुलैमध्ये मँचेस्टर येथे पंतच्या पायाचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी तो लंगडत येऊन खेळला आणि 54 धावा करून बाद झाला.

या हकीकतींतून ‘धीर धरा, यश येतेच’ एवढाच बोध काढणे बरोबर होणार नाही. यश येते आणि जातेही. देह बरा होतो आणि पुन्हा मोडतोही. मोलाचे आहेत ते दुखापत आणि पुनरागमन यांमधले महिने, ज्यांत पाऊल टाकण्याचा सराव रोज नव्याने करावा लागतो. त्या वेळी धावपुस्तक नसते, टाळ्या नसतात. कर्म तेव्हाच आपल्या शुद्ध रूपात उरते.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. कायदा मोबाईलवरचे दार बंद करू शकतो. मनातले दार ज्याचे त्यानेच बंद करावयाचे असते. कारण ही दृष्टी मैदानापुरती राहत नाही. आज खेळाडू पडला असता जो आपले गुण मोजतो, तो उद्या घरकाम करणारी बाई तापाने आली नाही तर तिची विचारपूस करण्याआधी खोळंबलेली कामे मोजतो. बांधकामावरील गवंड्याचा पाय मोडला तर त्याला आठवते ती घराची मुदत. आणि वृद्ध पिता अंथरुणास खिळला की त्याच मनात, नकळत, निवृत्तिवेतनाचा हिशेब सुरू होतो. माणसाकडे फळ देणारे झाड म्हणून पाहण्याची सवय एकदा जडली की ती आपल्या माणसांनाही सोडत नाही.

यास्तव घरात मुलांसह सामना पाहत असता एवढा एक अभ्यास अवश्य करावा. कोणी खेळाडू पडला, मग तो आपल्या संघाचा असो वा प्रतिपक्षाचा, तर आकड्यांचे बोलणे थांबवावे आणि तो उठेपर्यंत वाट पाहावी. त्या क्षणभराच्या मौनात मुलांना जे शिकावयास मिळेल, ते पुष्कळ उपदेशानेही मिळणार नाही. ज्याचे कर्म त्याची वेदना. ती पाहणाऱ्याचा अधिकार असलाच तर तो करुणेचा आहे.